ग्रुपमध्ये सगळ्यात हळू कोण?

तुमच्याही फोनमध्ये तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असणारच. सेमिस्टर संपत आलं की कुणीतरी उघडतं, नावात दोन बाइक आणि एक टेंट, मेंबर अकरा. पहिल्या दिवशी दोनशे मेसेज. दुसऱ्या दिवशी 'फिक्स कोण कोण?' आणि शुक्रवारी रात्री आजी आजारी, सबमिशन राहिलं, गाडी दादा घेऊन गेला. प्लॅन तिथेच संपतो.

आमचा संपला नाही. मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही खरंच निघालो. पाच गाड्या, सात जण. पुण्याहून नसरापूर फाट्यावरून आत, वेल्हे, पुढे केळद आणि मढे घाट. वाटेत डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या कच्च्या वाटांवर जमेल तेवढं ऑफरोडिंग, रात्री टेंट. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव सिंहगडावरून उमरठला याच मढे घाटातून नेलं, असं सांगतात. एवढी गोष्ट आणि चार रील्स, यापलीकडे आमच्याकडे तयारी नव्हती.

सातला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेदहाला. हायवेवर मिसळ, मग फोटो, मग पुन्हा चहा. कच्च्या वाटेला लागलो तेव्हा साडेतीन झाले होते. पुढचे तिघं धूळ उडवत गायब. मी बाबांची जुनी पल्सर घेऊन मधे. आणि सगळ्यात मागे आमचा कोल्हापूरचा होस्टेलवाला मित्र, चुलत भावाची स्प्लेंडर घेऊन. ती गाडी त्या भावाला सोमवारी सकाळी कामावर जायला लागणार होती.

पुढे एका टेकाडावर थांबलो. पाणी प्यालो, फोटो काढले. पाऊण तासानं कुणीतरी विचारलं, "अरे, कोल्हापूरकर कुठाय?" मला वाटत होतं तो पुढे गेला. पुढच्यांना वाटत होतं तो माझ्यासोबत आहे.

तो दोन किलोमीटर मागे होता. उतारावर मुरमात पुढचा ब्रेक दाबला गेला, गाडी आडवी, पाय गाडीखाली आणि पोटरी सायलेन्सरला चिकटलेली. फोनला रेंज नाही. गुरं घेऊन परतणाऱ्या एका काकांनी गाडी उचलली आणि त्याला बांधावर बसवलं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो हसत होता, हे जास्त वाईट होतं. भाजलेल्या जागी आम्ही टूथपेस्ट फासली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटरी बघितली आणि आम्हाला झापलं.

होस्टेलवर परत आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "मला वेल्ह्यातच वाटलं होतं की आपल्याला नाही जमायचं. पण तुम्ही सगळे एवढे खुशीत होतात, कसं सांगणार?"

यंदा आम्ही परत गेलो, त्याच भागात, त्याच लोकांसोबत. या वेळी प्लॅन त्या वाक्यापासून सुरू केला. तुम्ही जाणार असाल, तर तुम्हीही तिथूनच सुरू करा.

आधी माणसं, मग गाड्या

ग्रुपवर पहिला प्रश्न 'कुठे जायचं?' हा टाकू नका. 'कच्च्या रस्त्यावर आधी कोणी, किती चालवलंय?' हा टाका. खरी उत्तरं हवी असतील तर ग्रुपवर नको, एकेकाला फोन करा. सगळ्यांसमोर कुणीच 'मला भीती वाटते' असं लिहीत नाही.

आमच्याकडे सहा रायडरपैकी चौघांनी कच्च्यावर कधीच गाडी घातली नव्हती. मागच्या वर्षी हे आकडे कुणालाच माहीत नव्हते. मग वाट त्या चौघांना जमेल अशी निवडली. उरलेल्या दोघांना कंटाळा आला तर येऊ दे.

पहिल्यांदा जात असाल तर पाच-सहा गाड्या पुरे. त्याच्या वर गेलात की कोण कुठे आहे याचा हिशेब राहत नाही. आणि कच्च्या वाटेवर शक्यतो डबलसीट नको. मागच्या माणसाचं वजन उतारावर सगळं पुढे ढकलतं. कुणाला बसवायचंच असेल, तर अवघड तुकड्यात त्याला उतरून चालत यायला सांगा.

जायच्या आधीच्या दोन रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या मुरमाच्या मैदानावर, अर्थात विचारून, प्रॅक्टिस करा. तीन गोष्टी पुरतात. फूटपेगवर उभं राहून गुडघे सैल ठेवून चालवणं. उतारावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरणं. आणि पडलेली गाडी पाठीला त्रास न होता उचलणं. नजर नेहमी जिकडे जायचंय तिकडे ठेवा. दगडाकडे बघत राहिलात तर दगडावरच जाल.

गाडी आहे तीच चालेल

'माझ्याकडे एक्सपल्स नाही, मी कसा येऊ?' हे दर ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. एक्सपल्स किंवा हिमालयनचा ग्राउंड क्लिअरन्स 220 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे आणि स्प्लेंडरचा 165, हा फरक खरा आहे. मोठ्या दगडांवर स्प्लेंडरचं पोट घासेल. पण दुसरा आकडाही बघा. स्प्लेंडर 112 किलोची आहे, 411 सीसीची हिमालयन 199 किलोची. मुरमात आडवी पडलेली गाडी उभी करताना हा दुसरा आकडा आठवतो. वेल्हे-मुळशीच्या गावांत दुधाचे कॅन लावून रोज त्याच वाटांवरून जाणारे काका कोणती गाडी चालवतात, तेही एकदा बघा.

त्यामुळे गाडी बदलण्यापेक्षा गाडी तपासा. टायरची नक्षी झिजलीय का, ब्रेक पॅड किती उरलेत, चेन सैल आहे का, क्लच केबलचे तंतू सुटलेत का. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी मेकॅनिककडे दाखवा. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केलं की काय सैल राहिलं ते वाटेतच कळतं.

कच्च्यावर गेल्यावर टायरची हवा रोजच्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी केली तर पकड सुधारते. त्याहून फार कमी करू नका, दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि पंक्चर होतं. डांबरावर परतलात की हवा पुन्हा भरा. पायपंप सोबत असेल तर हे जमतं, नसेल तर हवेला हात लावू नका.

गाडी भाड्याची असेल तर ऑफरोडिंग चालतं का, हे करारात वाचा. मित्राची किंवा भावाची असेल तर 'जरा फिरायला नेतो' म्हणू नका. कुठे नेताय ते सांगा, आणि मोडलं तर पैसे कोण देणार हेही आधी बोला. आमच्या कोल्हापूरकरानं इंडिकेटर, लिव्हर आणि वाकलेल्या फूटरेस्टचे पैसे दोन महिने मेसच्या पैशांतून काढले. आम्हाला ते मार्चमध्ये कळलं. यंदा पहिल्याच दिवशी सगळ्यांनी दोन-दोनशे काढून एक डबा केला. ज्याची गाडी पडेल, त्याला त्यातून.

वाट कोणाची, ते विचारा

मॅपवर एक बारीक रेघ दिसते आणि आपल्याला वाटतं, ही मोकळी वाट. सह्याद्रीत मोकळं असं फार थोडं असतं. ती वाट कुणाच्या शेतातून जाते, कधी गायरानातून, कधी वनखात्याच्या हद्दीतून. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा त्याखाली गुन्हा आहे. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट सड्यांची. कातळाचे ते सपाट माथे बघितले की गाडी घालावीशी वाटते, मलाही वाटतं. पण त्या कातळावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्यात फुलणारी सगळी रोपं त्यावर जगतात. युनेस्कोनं 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं, कास त्यातलंच. चाकाची एक चाकोरी पडली की पुढच्या पावसात तिथून माती वाहून जाते. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. ओढा ओलांडायचा तर जिथून ट्रॅक्टर-बैलगाडी जाते तिथूनच.

यंदा आमच्यातले दोघं पंधरा दिवस आधी एका रविवारी नुसती वाट बघून आले. त्या एका रविवारानं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही अ‍ॅपनं केलं नसतं. एक वाट ओढ्यानं खचली होती. एका ठिकाणी नवीन तारेचं कुंपण होतं. शेवटचा पेट्रोल पंप कुठे, सरकारी दवाखाना कुठे, रेंज कुठे जाते आणि कुठे परत येते, हे सगळं वहीत आलं. गावात विचारलं तेव्हा एका आजोबांनी सांगितलं, "त्या वाटंनं नका जाऊ, तिकडं हरभरा पेरलाय, गाड्या बांध फोडतात." आम्ही गेलो नाही. त्या बदल्यात त्यांनीच दुसरी वाट दाखवली. ती आमच्या मॅपवर नव्हतीच.

मोसम कोणता? पावसाळ्यात नको, पहिल्यांदा तर मुळीच नको. लाल मातीचा चिखल चाकाला लपेटतो, ओढे तासाभरात चढतात, घाटात दरडी येतात. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. माती वाळलेली, हवा थंड, फक्त दिवस लहान. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत त्याच्या आधीच अंधारतं.

पुढे कोण, मागे कोण

ग्रुप रायडिंगचे नियम सोपे आहेत. पुढे असतो तो लीड, त्याला वाट माहीत हवी. सगळ्यात मागे असतो तो स्वीप. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी रायडर इथे ठेवा, त्याच्याकडे हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी द्या. आमच्यासारखं उलटं करू नका. आम्ही सगळ्यात नवख्याला मागे सोडलं होतं.

मग सगळ्यात हळू असणाऱ्याची जागा कुठे? लीडच्या लगेच मागे. लीडनं आरशात त्याला बघत वेग ठरवायचा. पहिल्या अर्ध्या तासात चिडचिड होते, मान्य. पण हळू माणूस मागे असला की त्याला सतत गाठायची घाई असते, आणि त्या घाईतच तो पडतो. तो पुढे आला की घाई संपते.

फाट्यांसाठी एकच नियम: वाट फुटते तिथे थांबायचं, मागची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. मागचा दिसेना झाला की तुम्ही थांबता, मग तुमच्या पुढचा थांबतो, असं करत दोन-तीन मिनिटांत लीडपर्यंत सगळे थांबतात. रेंज लागत नाही, वॉकीटॉकी लागत नाही. मागच्या वर्षी एवढा एक नियम असता तर कोल्हापूरकर पाऊण तास एकटा बसला नसता.

आणि घड्याळ. परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवा. आमची साडेतीनची होती. साडेतीनला जिथे असू तिथून मुक्कामाकडे वळायचं, पुढे कितीही भारी व्ह्यू असला तरी.

'बास' म्हणायची सोय

आता सगळ्यात अवघड भाग. नियम, टायर, मॅप हे सगळं यादीत लिहिता येतं. 'मला नाही जमणार' हे म्हणता येण्याची सोय मुद्दाम करावी लागते.

आम्ही एक शब्द ठरवला: 'बास'. कुणीही, कधीही म्हणू शकतो. म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. का, असं विचारायचं नाही. 'अरे होतंय, चल' म्हणायचं नाही. व्हिडिओ काढायचा नाही. मग पर्याय तीनच: दुसऱ्यानं त्याची गाडी तेवढा तुकडा काढून द्यायची, किंवा सोप्या वाटेनं जायचं, किंवा सगळ्यांनी परत फिरायचं. एकट्याला मागे ठेवायचं नाही आणि एकट्याला परत पाठवायचं नाही.

ग्रुपवर हे लिहिल्यावर एकानं हसणारी इमोजी टाकली. मला वाटलं, हा शब्द कुणी वापरणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास एक ओढा आला. पाणी घोट्याएवढं, तळाला गुळगुळीत गोटे. लीड पलीकडे गेला. त्याच्या मागे कोल्हापूरकर, हळू, दोन्ही पाय खाली टेकवत, पण गेला. मग माझी पाळी. मी पल्सर पाण्याच्या काठावर उभी केली आणि माझे हात थरथरायला लागले. मागच्या वर्षी पुढे जाऊन फोटो काढणाऱ्यांत मी होते. ऑफिसात सांगून आले होते की परत आल्यावर यावर लिहीन. मागे दोन गाड्या थांबलेल्या.

'बास' म्हणाले. आवाज इतका बारीक आला की दोनदा म्हणावं लागलं.

कुणी काही बोललं नाही. स्वीपवाला त्याची गाडी स्टँडला लावून आला, पल्सर घेऊन ओढा पार करून गेला. मी बूट हातात घेऊन चालत गेले. पाणी बर्फासारखं गार होतं. पलीकडे कोल्हापूरकरानं माझ्याकडे पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "पुढं सपाट आहे." एवढंच.

रात्र कुठे काढायची

कड्याच्या टोकावर टेंट, खाली दरी, शेकोटी आणि गिटार हे फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात कड्यावर रात्री वारा टेंट उडवतो आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला कडा दिसत नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, शेकोटीची एक ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो. वनहद्दीत आग पेटवायला 1927 च्या वनकायद्यानंच मनाई आहे. चहापुरता छोटा गॅस शेगडीवाला घ्या, तोही मोकळ्या जमिनीवर.

आम्ही यंदा गावातल्या एका मावशींच्या घरामागच्या खळ्यात टेंट लावले. आधी जाऊन आलेल्या दोघांनी विचारून ठेवलं होतं. जेवण त्यांच्याकडे: पिठलं, भाकरी, ठेचा, भात. मुली ग्रुपमध्ये असतील तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची, कारण संडास आहे का हा प्रश्न आम्हाला पडतोच आणि तो विचारायला लाजू नका. माझ्या आईचा पहिला प्रश्न 'मुली किती?' होता, दुसरा 'राहणार कुणाकडे?' दुसऱ्याचं उत्तर, गावाचं नाव आणि मावशींचा नंबर तिला देता आला, म्हणून मला परवानगी मिळाली. घरी खोटं सांगून येणाऱ्याला सोबत घेऊ नका. काही झालं तर त्याच्या घरी फोन करायला तुम्हीच घाबराल.

आणि शांत राहा. गाव नऊला झोपतं, पाचला उठतं. स्पीकर घरी ठेवा. कचरा एका पोत्यात भरून शहरात परत आणा.

खर्च

फिरून-फिरून आमच्या गाड्या 180 किलोमीटरच्या आसपास चालल्या. लिटरला 40 चं मायलेज धरलं तर साडेचार लिटर, म्हणजे पाचशेच्या आत पेट्रोल. टेंट भाड्यानं माणशी अडीचशे, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता चारशे, डब्यात दोनशे. माणशी साडेतेराशेत भागलं. डबा यंदा उघडावा लागला नाही, त्यात पुढच्या वेळचे हातमोजे आले.

रविवारी दुपारी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही पुन्हा वेगळे झालो. ग्रुपवर घरी पोहोचल्याचे सहा मेसेज आले. सातवा येईना. मग कळलं, कोल्हापूरकर भावाकडे गाडी द्यायला गेला होता. धुऊन, पुसून, एक ओरखडा नसलेली.

शुक्रवारी रात्री तुमच्या ग्रुपवर 'चला' असं लिहायच्या आधी तो प्रश्न एकदा स्वतःला विचारा: आपल्यात सगळ्यात हळू कोण? आणि उत्तर 'मीच' असं आलं, तर तेही सांगून टाका.

निघण्याआधी टिक करा

• लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावलेलं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, जाड जीन्स, हातमोजे, गुडघ्याचे पॅड.

• जादा ट्यूब, पंक्चर किट, पायपंप, क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, पाने, टेप, दोरी.

• माणशी तीन लिटर पाणी, टॉर्च, पॉवर बँक, ऑफलाइन डाउनलोड केलेला मॅप, कागदावर लिहिलेले नंबर. अ‍ॅम्ब्युलन्स 108, इमर्जन्सी 112.

• सामान सीटवर घट्ट आणि खाली बांधा. हँडलला पिशवी अडकवू नका.

• भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. डोक्याला किंवा मानेला मार असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, माणसाला हलवू नका, मदत बोलवा.

• घरच्या एका माणसाकडे वाट, मुक्काम आणि परतायची वेळ लिहून द्या. रेंज मिळाली की एक मेसेज टाका.